खोडलेल्या शब्दाखालची टिंबं

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं पत्र होतं, दुसऱ्या शहरातून आलेलं. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे खाली उतरत गेलेल्या, आणि घडीत निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकून आला होता. यकृत विभागातल्या सिस्टरनं आम्हाला विचारूनच आमचा पत्ता तिला दिला होता. माझ्या नातीला जो आजार आहे तोच तिच्या बाळाला निघाला होता. ‘डॉक्टर बाकीचं सगळं सांगतात,’ तिनं लिहिलं होतं, ‘पण तुमची नात शाळेत जाते असं सिस्टर म्हणाल्या. ती दिवसभर काय करते तेवढं लिहा. माझ्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही.’

इतकंच मागणं होतं. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या वाक्यातला एक अनुस्वार हलला तरी मला तो दिसायचा. पण स्वतःचं पान लिहायला बसलो की हात थिजतो. ‘तुमचं पत्र मिळालं’ असं लिहिलं आणि वाटलं, न मिळता का कुणी उत्तर लिहितो? खोडलं. ‘धीर धरा’ असं लिहिलं, तर तिला धीर धरायला सांगणारा मी कोण? तेही खोडलं.

शिवाय छापखान्यातली एक सवय हाडात भिनली होती. पान निर्दोष झाल्याशिवाय त्यावर सही करून ते यंत्रावर सोडायचं नाही. मला वाटायचं, नातीचा एखादा स्वच्छ रिपोर्ट येऊ दे, मग लिहू. त्या बाईला चांगलंच काहीतरी कळायला हवं. पण तसा रिपोर्ट काही येईना. वजन थोडं वाढलं तर पाणथरीची, म्हणजे प्लीहेची, सूज वाढलेली असायची. रक्त बरं आलं तर हाडं ठिसूळ निघायची.

आजार असा आहे. यकृतात पित्त तयार होतं आणि बारीक नळ्यांतून ते आतड्याकडे जातं. नातीच्या यकृतात त्या नळ्या जन्मापासूनच फार थोड्या. पित्त तुंबतं, रक्तात उतरतं, डोळे पिवळे होतात, यकृत हळूहळू निबर होत जातं. आणि खाज सुटते. डास चावल्यावर सुटते तसली नव्हे. कातडीच्या खालून, नखाला सापडत नाही अशा ठिकाणाहून येणारी.

आमच्या घरात सगळ्यांची नखं कायम कापलेली असत. तिच्या एकटीचीच कापली तर तिला शिक्षा वाटेल म्हणून सूनबाईनं तो नियम सगळ्यांना लावला होता. तरी पोरगी खाजवायचीच. चालायला लागली तेव्हा तिला माझ्या पुस्तकांचे कापडी पुठ्ठे सापडले. खालच्या दोन फळ्यांवरच्या जाड शब्दकोशांच्या पाठीवर ती तळहात खरवडत बसायची. त्या पुस्तकांची सोनेरी अक्षरं केव्हाच गेली. मुलगा सुतारकाम करतो, ते कपाट त्यानंच केलेलं. तो म्हणाला, “अण्णा, पुस्तकं वर हलवतो.” मी म्हटलं, “राहू दे. ती वाचायच्या आधीच पुस्तकं झिजवतेय. असा वाचक मला कधी भेटला नाही.”

पुढे मी तिला छापखान्यातली जुनी, रद्दीला निघालेली मुद्रितं आणि पेन्सिल दिली. हातांना काम मिळालं की खाज थोडी मागे सरते, हे आम्हाला असंच चाचपडत कळलं. शाळेत जायच्या आधी तिला मुद्रितशोधनाच्या खुणा येत होत्या. अक्षर काढायचं तर अशी रेघ, जागा सोडायची तर अशी खूण. सगळ्यांत जास्त आवडली ती टिंबांची खूण. एखादा शब्द आपण खोडला आणि मागाहून कळलं की तो बरोबरच होता, तर तो पुन्हा लिहायचा नाही. त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू दे’.

“म्हणजे खोडलेलं परत जिवंत होतं?” तिनं विचारलं.

“अक्षरं जुळवणारा जुळारी तसं समजतो.”

“मग खोडतातच कशाला?”

“घाईनं. किंवा भीतीनं.”

तेव्हापासून तिचं नाव पडलं ‘संपादक’. दुधाच्या पिशवीवरचा मजकूर ती तपासायची. आईच्या बसमधल्या सूचनांवर तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. सूनबाई शहरातली बस चालवते. “माझ्या गाडीत पोस्टर लावायला आता लोक घाबरतात,” ती सांगायची. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण डेपोतल्या सगळ्यांना हे कसं कळलं, ते काही मी विचारलं नाही.

हे सगळं त्या शिवणकामवाल्या बाईला लिहिण्यासारखंच होतं. आज कळतं. तेव्हा मला वाटे की ही तर नुसती घरातली गंमत, हे काय उत्तर झालं?

आमच्या घराण्याचा एक चेहरा आहे. रुंद कपाळ, खोल डोळे, सरळ नाक आणि निमुळती हनुवटी. माझ्या वडिलांचा तसा, माझा तसा, मुलाचा तसा. माझी बायको हयात असताना म्हणायची, “तुमच्याकडची माणसं एकाच साच्यातून काढलेली. लग्नाच्या गर्दीत नवरा चुकण्याची भीती होती मला.” नात जन्मली तेव्हा दाईनं तिला माझ्या हातात दिलं आणि आमचे चेहरे पाहून दाई हसलीच. मी स्वभावानं फुशारक्या मारणारा नाही. पण त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला थांबवून मी सांगितलं होतं, “माझ्यावर गेलीय.”

बैठकीत वडिलांचा फोटो होता. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. कुणी घरी आलं की मी नातीला त्या फोटोखाली उभी करायचो. ते कपाळ आणि हे कपाळ. लोक वा वा करायचे, आणि माझी मान ताठ व्हायची.

संपादक अकरा वर्षांची झाली त्या सुमारास यकृतानं हात टेकले. खाज इतकी वाढली की ती वर्गात बसेना. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर चरबीचे पिवळे खडे उठले. एकदा रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाल्या की आता यकृत बदलावं लागेल. घरातल्या कुणाचा तुकडा जुळला तर उत्तम. देणाऱ्याचं यकृत पुन्हा वाढतं.

मुलानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “माझा घ्या.”

त्या दिवसापासून त्यानं साखर सोडली, तळलेलं सोडलं, वखारीपर्यंत चालत जायला लागला. रंधा मारताना शीळ घालायचा. एवढी वर्षं लेकीसाठी नुसतं औषध मोजत बसलेला बाप, त्याला पहिल्यांदाच करण्यासारखं काही मिळालं होतं. “सुताराचा माल आहे,” छातीवर थाप मारून तो तिला सांगायचा, “पक्कं लाकूड. वाळवी लागायची नाही.”

“नुसतं बाहेरून पॉलिश नको हं, पप्पा,” ती म्हणायची.

तपासण्यांच्या दिवशी आम्ही तिघं रुग्णालयाच्या बाकावर ओळीनं बसलो होतो. सूनबाई ड्यूटी आटपून येणार होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. फाईल चाळत बाहेर आल्या, मान वर केली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आमच्याकडे पाहत गेल्या, एखादी ओळ वाचावी तशा.

“तुमच्या घरी आरसा लागत नसेल,” त्या म्हणाल्या.

मी नेहमीसारखा सुखावलो. “सगळे तेच म्हणतात.”

त्या माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. हसू गेलेलं होतं, पण आवाज मऊ होता. “आजोबा, लहानपणी तुमच्या हृदयाबद्दल कुणी काही बोललं होतं का?”

“शाळेत डॉक्टर यायचे. ते म्हणाले होते, खरखर ऐकू येते. याला पळू देऊ नका.”

“मग काय केलंत?”

“बसलो. वाचत बसलो.”

“पाठीचा एक फोटो काढू या का तुमच्या?”

नातीच्या पाठीत एक मणका फुलपाखरासारखा आहे. या आजारात तसा असू शकतो. ती शाळेत त्याची बढाई मारायची, “माझ्या पाठीत फुलपाखरू आहे. तुझ्या आहे?” त्या दुपारी पडद्यावर माझ्या पाठीचा एक्स-रे लागला आणि मधोमध ते दोन पंख दिसले. मुलाच्या पाठीतही तेच. पुढे रक्तानंही तेच सांगितलं, की हा आजार आम्हा दोघांतही आहे. नात जन्मली तेव्हा आई-बापांची अशी तपासणी इथं होत नव्हती, आणि आम्हा कुणाला कधी काही त्रास नव्हता. या आजाराचं तसंच असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकाला नुसता स्पर्श करून जातो आणि पुढच्याला धरतो. कपाळ, हनुवटी, खोल डोळे हीसुद्धा त्याचीच खूण.

मुलाच्या यकृतातही नळ्या कमी निघाल्या. त्याला पुरेशा होत्या, त्यातून काढून देण्यासारख्या नव्हत्या. घरी येऊन त्यानं एक फळी रंधायला घेतली आणि रंधत राहिला. ती इतकी पातळ झाली की शेवटी हातात मोडली.

सूनबाईनं बुटांचे बंद सोडता सोडता सगळं ऐकून घेतलं. “रक्तगट माझाही जुळतो ना?” ती म्हणाली. “मग झालं तर. एक गाडी बंद पडली की डेपो जादा गाडी सोडतो.”

“पण मी देणार होतो,” मुलगा म्हणाला.

“तुम्ही साखर सोडलीत तेवढी पुरे. मी मुळीच सोडणार नाहीये.”

त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो पलीकडच्या खोलीत निघून गेला.

मी काय केलं? सगळे बाहेर गेलेले पाहून वडिलांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात जाडजूड कोशाच्या मागे उभा करून ठेवला. मला तो चेहरा बघवेना. इतकी वर्षं ज्याची मिरवणूक काढली तो आजार होता. दाढी करताना मी आरशात फक्त गाल बघायचो.

भिंतीवर फोटोच्या जागी एक उजळ चौकोन राहिला. संपादकाच्या नजरेतून तो सुटणं शक्यच नव्हतं.

“आजोबा, पणजोबा कुठे गेले?”

“काच पुसायला काढलाय.”

“अण्णा, इतके दिवस?” स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली. “माझ्या बसच्या सगळ्या काचा पुसून झाल्या असत्या एवढ्यात.”

मी पेपर उघडला. नात कपाटापाशी जाऊन बसली आणि सवयीनं कोशाच्या पाठीवर तळहात घासायला लागली. कोश हलला. आधी तो कधी हलत नसे, मागे भिंतीला टेकलेला असे. तिनं तो ओढून काढला.

मी पेपरमागेच राहिलो. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग खिळ्यावर तार अडकल्याचा. बराच वेळ पेन्सिल चालत होती. शेवटी मी पेपर खाली केला. फोटो जागेवर होता. त्याच्याखाली तिनं कागदाची एक पट्टी चिकटवली होती, आणि तिच्यावर टिंबांची लांब ओळ. बाजूला, समास असावा तिथं, ‘असू दे’.

“हे कुणी सांगितलं करायला?” मी विचारलं.

“तुम्ही घाईनं खोडलं होतं,” ती म्हणाली. “किंवा भीतीनं.”

“अगं, पण तुला जे होतंय ते या चेहऱ्याबरोबरच आलंय. माझ्याकडून आलंय.”

“मला माहितीय. डॉक्टरांनी मला पण सांगितलं. मी काय लहान आहे?” तिनं कोपर खाजवलं. “तुमच्या पण पाठीत फुलपाखरू आहे. मला आधी सांगायचं ना. मी शाळेत एकटीच सांगत बसले.”

सूनबाई हात पुसत दारात येऊन उभी होती. “आणि अण्णा, ती खरखर नसती तर त्या डॉक्टरांनी तुम्हाला खेळू दिलं असतं. तुम्ही काही वाचत बसला नसतात. म्हणजे ही सगळी पुस्तकंसुद्धा त्यातूनच आली की. ती पण ठेवू का कोशामागे?”

“कोश कशामागे ठेवणार?” नात म्हणाली.

मी स्टुलावर चढलो आणि तिनं थोडा तिरका लावलेला फोटो सरळ केला.

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. एका खोलीत सून, शेजारच्या खोलीत नात. मुलगा आणि मी बाहेर. त्यानं खिशात लाकडाचा एक तुकडा आणला होता आणि पॉलिशपेपरनं तो घासत होता. दुपार उतरली तोवर त्याचा गुळगुळीत गोटा झाला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या की दोघी ठीक आहेत, नवीन यकृतानं टेबलावरच पित्त सोडायला सुरुवात केली. मुलानं तो गोटा त्यांच्या हातात ठेवला. त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यांनीही तो कोटाच्या खिशात टाकला.

नातीला बघायला सोडलं तेव्हा तिला मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. चेहरा तोच होता. पण तिचे हात चादरीवर निवांत पडलेले होते. अकरा वर्षांत मी ते असे कधी पाहिले नव्हते.

“आजोबा, खाजत नाहीये,” ती म्हणाली.

“मग काय होतंय?”

तिनं विचार केला. “कंटाळा येतोय.”

एवढ्या सुखाचं वाक्य मी कुठल्याच मुद्रितात वाचलेलं नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. एकदा ताप आला, एकदा शरीर नव्या यकृताशी भांडलं, औषधं बदलली. गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, आणि हृदयाची खरखर आहे तिथेच आहे. पण डोळ्यांतला पिवळा रंग गेला. पेरांवरचे खडे विरायला लागले. सूनबाई काही महिन्यांनी पुन्हा बसवर चढली. नातीनं वॉर्डातल्या सूचनाफलकावर इतक्या खुणा केल्या की सिस्टरनं नवाच फलक छापून घेतला आणि छापायच्या आधी तो तिच्याकडे पाठवला. त्यावर तिनं सही केली, अगदी माझ्यासारखी.

तिच्या तपासणीला आम्ही गेलो असताना त्याच सिस्टरनं मला बाजूला घेतलं. “त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आठवतात? त्यांच्या मुलाचंही आता बदलायचं ठरतंय. लवकरच येतील इथं. फार घाबरल्यात.” तिनं हातातला ट्रे ठेवला. “अजून विचारतात हो. त्या आजोबांनी काही लिहिलं का म्हणून.”

घरी येऊन चपला न काढता मी टेबलाशी बसलो. स्वच्छ रिपोर्ट तेव्हाही हातात नव्हता. पण त्या बाईनं रिपोर्ट मागितलाच नव्हता, हे मला पत्र पुन्हा उघडल्यावर दिसलं. नात दिवसभर काय करते एवढंच तिनं विचारलं होतं.

म्हणून तेच लिहिलं. नात सकाळी उठून गोळ्या घेते आणि तोंड वाकडं करते. शाळेत जाते. गणिताचा कंटाळा करते. आईच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून पाट्या तपासते. वडिलांच्या कारखान्यात भुसा उडवते. रक्ताच्या उलटीचंही लिहिलं, त्या दिवशी आम्ही किती घाबरलो तेही, आणि झिजलेल्या पुस्तकांचं लिहिलं. हात चादरीवर निवांत पडले होते ते लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘तिला आमच्या घराण्याचा चेहरा मिळाला आहे. तो आजारासकट मिळाला आहे. मला तिचा इतका अभिमान वाटतो की रस्त्यात अनोळखी माणसांना थांबवून सांगावंसं वाटतं.’

वाचून पाहिलं. बाकीचं चालण्यासारखं होतं. शेवटची वाक्यं फारच फुशारकीची वाटली. समोरच्या बाईचं पोर अजून वाटेत आहे, तिथं आपला अभिमान कसला मिरवायचा? मी ती खोडली. एक सरळ रेघ.

“दाखवा,” मागून संपादक म्हणाली.

तिनं उभ्यानंच वाचलं. पेन्सिल कानावर होती. मधल्या एका जागी स्वल्पविराम घातला, तो खरंच राहिला होता. ‘आम्ही किती घाबरलो’ पाशी थांबली आणि काही न करता पुढे गेली. शेवटच्या रेघेशी आल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्याच खोल डोळ्यांनी, आणि टेबलावर वाकली. एकेक टिंब नीट दाबून देत ती ओळीच्या टोकापर्यंत गेली. समासात लिहिलं, ‘असू दे’.

“त्या बाईंना ही खूण कळायची नाही,” मी म्हणालो. “खोडलंय का ठेवलंय, त्यांचा गोंधळ होईल.”

“मग खाली लिहा त्याचा अर्थ.”

“पत्र पुन्हा स्वच्छ लिहून काढतो.”

“काही नको,” ती म्हणाली. “तुम्ही परत लिहायला बसलात की परत खोडाल.”

खाली मी खुणेचा अर्थ लिहिला. तिनं पाकीट चिकटवलं, पत्ता मीच घातला. ती बूट घालून दारात उभी राहिली, आणि मला जावंच लागलं. कोपऱ्यावरच्या पेटीशी मी क्षणभर रेंगाळलो. तिनं माझं कोपर पाठीमागून हलकेच ढकललं. पाकीट आत पडलं.